समुद्रकाठचे मुलांचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी काही गोड बोलावे असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला सांगितलेही होते की, मंडळ आता समुद्रकाठी कामगारांच्या मुलांसाठी सुट्टीतले घर बांधणार, तर त्या विषयावर अर्धा तास चार उत्साहाचे शब्द बोला. उत्साह मला आहेच. परंतु गेले दोन महिने या घराचा जो नकाशा आपल्या कार्यालयातील भिंतीवर लावलेला आहे, तो पाहून मला नीट झोप लागलेली नाही. म्हणून आज थोडे गोड आणि थोडे कडू असे बोलणार आहे. आधी कडू बोलते, म्हणजे तोंड शेवटी गोड होईल.

आपल्या गावाची एक गंमत आहे. वसाहतीचे नाव तारापूर, पण ती आहे बोईसरला. कारखान्यांच्या पाट्यांवर तारापूर वाचून बाहेरच्या माणसाला वाटते की ही मंडळी समुद्रावरच राहतात. खरे तारापूर, तो पोर्तुगीज अमलातला आणि १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतलेला किल्ला, ती चिंचणीची सुरूची झाडे आणि वाळू, हे सारे दहा-बारा किलोमीटर पलीकडे. सहा वर्षांपूर्वी आपण चाळींतून हिंडून मुलांची यादी केली तेव्हा मी प्रत्येकाला विचारीत असे, “समुद्र पाहिलास का रे?” निम्म्याहून अधिक मुलांनी माना हलवल्या. बापाची पाळी बदलती, आईचे पॅकिंगचे काम, रविवारी पाणी भरायचे आणि कपडे धुवायचे. समुद्र इतका जवळ, पण न्यायला कोणी नाही. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखाने आले, २०१३ पासून लोकल गाड्या डहाणूरोडपर्यंत धावू लागल्या, २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला. एवढे सारे झाले, पण कामगाराचे मूल अजून समुद्रापासून एका रिक्षाभाड्याइतके दूरच राहिले.

म्हणून आपण ते पहिले शिबिर काढले. अडतीस मुले, दोन रात्री. त्या वर्षीच्या अहवालात “शिबिर अत्यंत आनंदात पार पडले” असे वाक्य आहे. ते वाक्य मी लिहिले आहे, आणि ते पूर्ण खरे नाही. आज सहा वर्षांनी मी ते दुरुस्त करणार आहे.

आम्हांला किनाऱ्यालगतचा एक मोठा हॉल वापरायला मिळाला होता. कोणाचा ते सांगत नाही, कारण देणाऱ्यांनी तो प्रेमाने दिला होता आणि दोष त्यांचा नव्हे. हॉल लांबरुंद, खिडक्या उंचावर. माझ्या छातीला लागतील अशा. दिवसा मुले आत बसली की त्यांना समुद्र ऐकू येई, दिसत मात्र नसे. शौचालये मागच्या अंगणापलीकडे. दिव्याची बटणे दाराशी, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर. रात्री आम्ही गाद्या दोन सरळ ओळींत घातल्या, एकोणीस आणि एकोणीस. मला तेव्हा त्याचे मोठे कौतुक वाटले होते. दाराशी उभे राहिले की एका नजरेत मोजता येत असे.

दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास मी मोजले, तर सदतीस भरली.

भगिनींनो, त्या अर्ध्या तासाचे वर्णन करण्याची मला अजून हिंमत होत नाही. पुढच्या दाराला मी स्वतः कडी लावली होती. मागचे दार नुसते लोटलेले होते. भरती चढत होती. सात वर्षांची एक मुलगी आम्ही दोघी जणी सुरूच्या झाडांतून, वाळूवरून, हाका मारीत शोधीत होतो, आणि लाटांच्या आवाजात आमच्या हाका आम्हांलाच ऐकू येत नव्हत्या. अखेर पहाटेच्या कामाला निघालेली एक कोळीण तिला कडेवर घेऊन आली. ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला पोर बसून होती. “ही तुमची का हो बाई?” एवढेच ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून मला तो अधिकच लागला.

मुलीला शौचालयाला जायचे होते. अंधारात ती मागच्या दाराने बाहेर पडली, शौचालय सापडले नाही, कपडे ओले झाले. परत आत आली तर, तिचेच शब्द सांगते, “सगळ्या गाद्या सारख्याच होत्या, माझी कुठली तेच कळेना.” ओल्या कपड्यांनी दुसऱ्याच्या गादीवर कसे जायचे, या लाजेने ती पुन्हा बाहेर गेली आणि लपली.

मी तिच्या आईकडे जाऊन सारे सांगितले. ती माउली जळगावकडची, औषधाच्या गोळ्या डबीत भरण्याचे काम करी. मी शिव्या खायच्या तयारीने गेले होते. ती म्हणाली, “ताई, आमची एकच खोली. रात्री तिने हात पुढे केला की मी असते. इतक्या मोठ्या जागेत ती कधी निजलीच नाही.”

मंडळाला मात्र मी काही सांगितले नाही. शिबिरे बंद पडतील ही भीती खरी, पण माझी नाचक्की होईल ही भीती त्याहून मोठी होती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. ती मुलगी हरवली यात माझी चूक होतीच, पण त्या इमारतीचाही त्यात काही वाटा होता की नाही? घर मुलाला सांभाळू शकते का? आणि घर मुलाला हरवूही शकते का?

माझी एक भाची आर्किटेक्ट आहे. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तुझ्या या प्रश्नावर इटलीत साऱ्या किनाऱ्याभर इमारती उभ्या आहेत.” मग तिने मला पुस्तके आणून दिली, चित्रे दाखवली. त्यांतले थोडे आज आपल्यापुढे ठेवते. परदेशाचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. तिकडे आपल्यासारखाच हेतू धरून लोकांनी काय बांधले आणि ते कोठे चुकले, हे आपण बांधण्याआधीच कळलेले बरे.

समुद्राची हवा गरिबांच्या मुलांना औषधासारखी द्यावी ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडात मार्गेट येथे १७९१ साली डॉक्टर लेट्सम यांच्या पुढाकाराने समुद्रस्नानाचे धर्मार्थ रुग्णालय निघाले. तेथे रोग्यांना उघड्या पडव्यांत समुद्राच्या वाऱ्यात ठेवीत. इटलीत फ्लॉरेन्सचे डॉक्टर बारेल्लाय यांनी गंडमाळेने आजारी असलेली मुले १८५६ साली व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर नेण्यास आरंभ केला. गंडमाळ म्हणजे क्षयाचाच एक प्रकार. तेव्हा त्यावर गुणकारी औषध नव्हते. ऊन, वारा, खारे पाणी आणि पोटभर अन्न एवढेच काय ते उपाय. पुढे आजारी मुलांबरोबर अशक्त मुले, आणि मग कामगारांची सगळीच मुले सुट्टीत किनाऱ्यावर नेण्याची प्रथा पडली. अशा घराला इटालियन भाषेत ‘कोलोनिया’ म्हणतात. आपल्याकडे कॉलनी म्हटले की क्वार्टर्स डोळ्यांपुढे येतात. तिकडे कोलोनिया म्हणजे मुलांचे सुट्टीतले वस्तीघर.

१९२२ नंतर तेथे मुसोलिनीची सत्ता आली, आणि १९३० नंतरच्या दहा वर्षांत अशी घरे किनाऱ्याकिनाऱ्याने उठली. काही पक्षाने बांधली, काही कारखान्यांनी. त्यांतली एक फियाट या मोटार कंपनीची, मारीना दी मास्सा येथे, १९३३ सालची. शिल्पकार बोनादे बोत्तीनो. ही इमारत म्हणजे पन्नास मीटरच्या आसपास उंचीचा एक पांढरा गोल मनोरा आहे. आत मजले असे नाहीतच. जमिनीपासून माथ्यापर्यंत एकच उतरण गोल गोल फिरत वर जाते, आणि त्या उतरणीच्या कडेकडेने मुलांच्या खाटा. भिंती नाहीत, खोल्या नाहीत. मोटारीच्या कारखान्यात गाड्या वर चढवायला जशी फिरती उतरण असते, तशाच उतरणीवर कामगारांची मुले निजवली. चित्र पाहताना डोळे दिपतात. पण मला एकच प्रश्न सुचला: रात्री उठलेल्या मुलाला आपली खाट कशी सापडत असेल?

दुसरी कात्तोलिका गावची, १९३४ ची. बुसिरी व्हीची या शिल्पकाराने तेथे इमारतींना जहाजांचे आकार दिले. परदेशी राहणाऱ्या इटालियनांची मुले तेथे येत. मुलांना जहाजात राहिल्यासारखे वाटावे ही कल्पना गोड आहे, पण जहाज म्हटले की कप्तान आला, शिट्टी आली, हुकूम आला. आज त्या जहाजांत मत्स्यालय आहे. मुले तेथे मासे पाहायला येतात, आणि मला वाटते आताच ती खरी मौज करीत असतील.

तिसरी चेझेनातिको येथील, १९३८ सालची, आजीप या तेल कंपनीने आपल्या नोकरांच्या मुलांसाठी बांधलेली. शिल्पकार व्हाक्कारो. ही मला मनापासून आवडली. लांबच लांब इमारत खांबांवर उचललेली, त्यामुळे वारा खालून थेट जातो आणि जमिनीवरूनही समुद्र दिसतो. वर समुद्राकडे खिडक्यांची सलग पट्टी. वाळू, वारा आणि घर यांचे भांडण नाही. आपल्या किनाऱ्यावर यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मग दोष कोठे? दोष इमारतींच्या हेतूत होता. त्या काळच्या राजवटीला मुलांचे आरोग्य हवे होते, पण त्याबरोबर आज्ञाधारक शिपाईही हवे होते. मोठी शयनगृहे, सरळ ओळी, कवायतीचे पटांगण, मध्ये झेंड्याचा खांब. मुले आली की वजन, जाताना पुन्हा वजन. किती वाढले त्याचा हिशेब. वजन वाढले हे खोटे नव्हे. अर्धपोटी मुलांना तेथे पोटभर मिळाले, पुष्कळांनी समुद्र प्रथम तेथे पाहिला, हे विसरून चालणार नाही. पण बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक मूल नव्हते, शेकडो मुलांची रांग होती. दूरून भव्य दिसावे, छायाचित्रात यावे, आणि आत एका नजरेत मोजता यावे.

हे वाचले आणि माझ्या हातून पुस्तक मिटले गेले. एकोणीस आणि एकोणीस गाद्या मीही त्याचसाठी घातल्या होत्या.

युद्धानंतर तिकडच्या काही विचारी शिल्पकारांना हे उमगले. १९६१ ते ६३ या काळात रिच्चोने येथे जांकार्लो दे कार्लो यांनी एका वीज कंपनीच्या कामगारांच्या मुलांसाठी वस्तीघर बांधले. त्यांनी भले मोठे शयनगृह मोडून टाकले आणि लहान लहान गटांसाठी लहान जागा केल्या. मुलाला ‘हा माझा कोपरा’ असे म्हणता यावे म्हणून. पुढे तिकडची कामगार कुटुंबे स्वतःच सुट्टीला जाऊ लागली, घरात मुलेही कमी झाली, आणि १९७० नंतर यांतली कितीतरी वस्तीघरे ओस पडली. ज्या इमारती फक्त रांगेसाठी बांधल्या होत्या, रांग संपल्यावर त्यांचे काय करावे हे कोणालाच सुचेना. आपणही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, बाई, इटलीत कशाला जाता? खरे आहे. आपल्याच किनाऱ्यावर, येथून गाडीने फार तर तासाभराच्या वाटेवर, याहून मोठा धडा घडलेला आहे, आणि तो बायकांनी घडवलेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलेले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढलेला. शहरात मानमरातब होता. तो सोडून त्या समुद्रकाठच्या खेड्यात आल्या, आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण मजुरांची, आदिवासींची मुले तिच्याकडे फिरकेनात. कशी येणार? धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, शेळी कोणी वळायची? तेव्हा त्या दोघींनी उलटे केले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. पाड्यावरचे सारवलेले अंगण, झाडाची सावली, शंख-शिंपले, बिया, खडे हेच साहित्य. ती ‘अंगणवाडी’. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. १९७५ साली देशभर बालविकास योजना सुरू झाली तेव्हा केंद्रांना नाव मिळाले तेही अंगणवाडी. आज देशभर लोक जो शब्द उच्चारतात, तो आपल्या या किनाऱ्यावरून गेलेला आहे.

मला यातले मर्म असे दिसते. तिकडे आधी इमारत उभारली आणि मग मुले तिच्यात बसवली. ताराबाईंनी आधी मूल पाहिले, ते कोठे निर्धास्त असते ते पाहिले, आणि तीच जागा शाळा केली. अंगण ही काही उणीव म्हणून पत्करलेली जागा नव्हती. अंगणाला बाजू असतात पण कोंडमारा नसतो. वर आभाळ असते पण आई हाकेच्या अंतरावर असते. कायद्यानेही मुलांचा विचार केलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद आली, १९७६ साली तो आकडा तीसवर आणला गेला. १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. परंतु मूल सहा वर्षांचे झाले की ते पाळणाघरातून सुटते आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसभर कडी लावून बसते. त्या सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच आपले हे घर आहे.

तर आता भिंतीवरच्या नकाशाकडे येऊ. त्यात एक मोठा हॉल आहे, रंगमंच आहे, दर्शनी बाजूला मंडळाच्या नावाची कमान आहे. ज्या भगिनींनी तो सुचवला त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. हॉल असला की हळदीकुंकू होईल, लग्नाला भाड्याने जाईल, चार पैसे येतील आणि शिबिराचा खर्च निघेल. वर्गणीवर घर चालत नाही हे मी खजिनदार असताना सोसलेले आहे. पण लग्ने नेमकी मे महिन्यात असतात, आणि मुलांची सुट्टीही मे महिन्यातच. पहिल्या वर्षी आपण मुलांना आधी तारखा देऊ, दुसऱ्या वर्षी एखादी मोठी देणगी देणाऱ्याचे लग्नकार्य निघेल, तिसऱ्या वर्षी मुलांना दिवाळीत या म्हणू. हे कोणाच्या वाईटपणाने होत नाही, हॉलच्या स्वभावाने होते.

म्हणून माझी सूचना अशी. मध्ये अंगण असावे. तिन्ही बाजूंनी पडवी, आणि पडवीमागे सहा-सात मुलांची एक, अशा खोल्या. प्रत्येक खोलीत एक ताई निजेल. हात पुढे केला की कोणीतरी असेल. प्रत्येक खोलीच्या दाराला निराळा रंग, आणि दारावर मुलांनीच काढलेले चित्र, म्हणजे खेकडा, होडी, ताड. न वाचता येणाऱ्याला आपली खोली ओळखता येईल. चौथी बाजू समुद्राकडे मोकळी, तेथे सुरूच्या झाडांची रांग आणि कमरेएवढी भिंत, तिला एकच फाटक. मोजायचे असेल तर फाटकाशी मोजू, निजलेल्या मुलांना मोजण्याची गरज पडणार नाही.

खिडकीचा उंबरा दीड-दोन फुटांवर असावा. मूल गादीवर उठून बसले की समुद्र दिसला पाहिजे, आणि आडव्या गजांऐवजी उभे गज, म्हणजे चढता येणार नाही. शौचालय पडवीच्या टोकाशी, छपराखालून जाता येईल असे. बटण मुलाच्या हाताच्या उंचीवर आणि रात्रभर जमिनीलगत एक मंद दिवा. ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, आणि त्या रात्री ती असती तर आजचे भाषण निराळे झाले असते.

वाऱ्याचा विचार आपल्या आजोबा-पणजोबांनी केलेलाच आहे. दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. म्हणून खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात. पावसाळी झड नैऋत्येकडून येते, तिकडे छप्पर खाली उतरलेले असावे. आपल्या वाडवळी घरांची ओटी-पडवी आणि वारल्यांच्या घरांचा कारवीचा, शेणमातीने सारवलेला कुड पाहा. कुडातून वारा गाळून आत येतो. आपण कुडाचे घर बांधू शकणार नाही, पण विटांत जाळी ठेवता येईल. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. काँक्रीटमधली सळई गंजून फुगली की ढलपे पडतात. म्हणून काँक्रीट थोडे, बैठे घर, कौलारू छप्पर आणि बिजागऱ्या पितळी. कौले मात्र नीट बांधून घ्यावी लागतील; मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले ते आपण विसरलेलो नाही. शिवाय किनाऱ्यावर मन मानेल तेथे बांधता येत नाही. १९९१ साली किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली, पुढे २०११ आणि २०१९ साली नव्या निघाल्या. भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचे ते आधी लेखी विचारून घेऊ, मग जागेचा व्यवहार करू. दूर गेलो म्हणून बिघडत नाही. आपला किनारा सपाट, मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते आणि ओहोटीला दूरवर मागे सरते. नेमक्या त्या सपाटीनेच माणूस फसते. म्हणून पडवीत तिथी आणि भरतीच्या वेळा लिहिलेला एक फळा हवा, आणि तो गावातल्या कोळी भगिनीकडून रोज लिहून घ्यावा. तिला त्याचे मानधन द्यावे. माझ्या अडतिसाव्या मुलीला जिने परत आणले तिचे ऋण फेडण्याचा मला दुसरा मार्ग सुचत नाही.

पैसे पुरले नाहीत तर काय, असे खजिनदारबाई विचारतील. त्यांना माझे उत्तर असे: मग अंगण, पाणी, शौचालये आणि एक पडवी एवढेच आधी करू. खोल्या पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी एकेक. हॉल अर्धा बांधून ठेवता येत नाही. अंगणाभोवतीचे घर मात्र एका खोलीचे असले तरी पुरे असते. बोर्डीला तर अंगणावाचून काहीच नव्हते. आणि शिबिरे नसतील तेव्हा त्याच पडवीत जवळच्या पाड्यावरची मुले अभ्यासाला बसतील, शिवणाचा वर्ग भरेल. लहान जागेला कामे पुष्कळ सापडतात.

कमानीविषयी मात्र मी हट्ट धरणार आहे. ती नको. नाव हवे असेल तर पाण्याच्या टाकीवर लहान अक्षरांत लिहा. तहानलेले मूल रोज वाचील.

बोलणे लांबले. जे कडू होते ते मी आधी सांगितले. सहा वर्षांपूर्वीच्या अहवालातले ते वाक्य दुरुस्त करून या स्मरणिकेत छापावे अशी चिटणीसबाईंना माझी लेखी विनंती आहे. ‘शिबिरात एक मूल रात्री अर्धा तास हरवले होते, एका कोळी भगिनीने ते आणून दिले, जबाबदारी माझी होती.’ एवढे पुरे. ही नोंद वाचूनही आपण शिबिरे चालू ठेवाल असा मला विश्वास आहे, कारण भिऊन मुलांना पत्र्याच्या खोलीत ठेवणे हा काही त्यांना सांभाळण्याचा मार्ग नव्हे.

पुढच्या रविवारी नकाशावर मत घ्यायचे आहे. त्याआधी प्रत्येकीने घरी एक करावे. रात्री दिवा मालवून, लहान मुलासारखे गुडघ्यांवर बसून, आपल्याच घरात शौचालयापर्यंत जाऊन पाहावे. काय काय हाताला लागते, काय लागत नाही, ते लिहून आणावे. त्या चिठ्ठ्या नकाशाशेजारी लावू आणि मग हात वर करू.